चाळीस सेकंदांचा पायगुण

काका, दोन-दोन.

आधी निकाल सांगून टाकते, कारण पाल्हाळ तुम्हाला खपत नसे. बगळे वाचले. शेवटच्या सामन्यात एक गुण हवा होता, तो मिळाला. तोसुद्धा इंज्युरी टाइममध्ये, आणि अशा रीतीने की कॅलमच्या हातातला चहा त्याच्या पँटवर सांडला आणि त्याला ते बराच वेळ कळलंच नाही. तुम्हाला जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते.

हे मी मराठीत लिहिते आहे, तेही तुमच्यामुळेच. माझं मराठी म्हणजे किराण्याच्या यादीचं मराठी, असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात. एकदा मात्र एकटीला म्हणालात, "इंग्रजीत तू फार सभ्य असतेस, सई. मराठीत निदान चिडतेस तरी." ते मला लागलं होतं, कारण खरं होतं. म्हणून आज मराठीत. चुका असतील त्या असू देत. लाल पेन घेऊन बसायला तुम्ही नाही आहात आणि मला त्याचाही राग येतो आहे.

एनस्खेडेच्या डच विद्यापीठातलं शिक्षण संपवून मी तिथल्याच फेल्डहोवन गावात नोकरीला आले तेव्हा बाबांनी तुमचा नंबर दिला होता. कॉलेजमधला मित्र आहे, जेवायला बोलावेल, जा, असं बजावलं होतं. मी दोन महिने फोन केला नाही. शेवटी तुम्हीच कंपनीच्या कँटीनमध्ये मला हुडकून काढलंत आणि शनिवारी जेवायला बोलावलंत. जेवण झाल्यावर मी निघायच्या तयारीत होते. अनोळखी घरात जेवणानंतरचा अर्धा तास मला फार अवघड जातो. काय बोलायचं सुचत नाही, आणि गप्प बसलं तर लोक विचारतात, बरं नाही का? तेवढ्यात तुम्ही म्हणालात, चार वाजता मॅच आहे, बस. मी बसले आणि मला शोध लागला की मॅच बघणाऱ्या घरात सगळे एकाच दिशेला बघत असतात. आपल्याकडे कुणी बघत नाही. आपण बोललो नाही तरी चालतं. मला फुटबॉल आवडला नव्हता, काका. मला तो सोफा आवडला होता. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

मग दर शनिवारी चार वाजता मी सायकल तुमच्या कुंपणाला टेकवायला लागले. तीन वर्षं.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं तुमचं ते गाव मी अजून पाहिलेलं नाही, पण डोळे मिटून फिरून येऊ शकते. पंचविशीत तुम्ही तिथे मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात दोन वर्षं काढलीत. घरमालकिणीने पहिल्याच आठवड्यात तुम्हाला मैदानावर नेलं, कारण एकटा मुलगा घरात बसून काय करणार. शून्य-शून्य. सामना संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा तुम्ही तिला विचारलंत की आपण जिंकलो का. ती म्हणाली, नाही, पण हरलोही नाही, चल. संघाच्या बिल्ल्यावर बगळा होता म्हणून तुम्ही त्यांना बगळे म्हणायला लागलात. खाडीपलीकडच्या गावाच्या संघाला नावच दिलं नाहीत. ते नुसते ‘पलीकडचे’. आणि कॅलम, तुमच्याच विभागातला तो उंच, लाल दाढीवाला, नेमका पलीकडचा निघाला. म्हणून दोन्ही संघ समोरासमोर आले की त्याला तुमच्या घरी बोलावणं असायचं. त्याला तुम्ही मराठीतले दोनच शब्द शिकवले होते, ‘चहा’ आणि ‘अरे देवा’. तेवढ्यावर त्याचं तुमच्या घरात भागायचं.

मॅच आपल्याला क्लबच्या स्ट्रीमवर दिसायची, पण ती उशिरा यायची. तिथे घडलेलं इथे पोचायला तीस-चाळीस सेकंद लागायचे. तेवढ्यात जगभर पसरलेल्या बगळ्यांच्या ग्रुपवर मेसेज पडायचे आणि गोल दिसायच्या आधीच फोन वाजायचा. म्हणून तुमचा नियम: चार वाजले की सगळ्यांचे फोन पोळ्यांच्या टोपलीत, वर कापड. कॅलमचा, माझा, तुमचा स्वतःचा. एकदा इन्व्हर्टर दुरुस्त करायला आलेल्या डच माणसाचाही फोन तुम्ही मागून घेतला होतात आणि त्या बिचाऱ्याने दिला होता.

शैलाकाकूचा फोन तेवढा टोपलीत जात नसे. ती खेळातली नाही, असं तुम्ही म्हणायचात. शनिवारी चार ते सहा ती स्वयंपाकघरात थालीपिठं लावायची आणि कानात इअरफोनचं एक बोंडूक घालून सांगलीच्या मावशीशी बोलायची. आणि तरीही बगळ्यांचा गोल व्हायचा तेव्हा ती नेमकी दारात उभी असायची. हातात बशी, नाहीतर नुसतंच उलथणं. तुम्ही याला पायगुण म्हणायचात. "बघितलंस? आली आणि गोल झाला." दिवसभर मशीनमधल्या नॅनोसेकंदांचा माग काढणारे तुम्ही हे पूर्ण गंभीरपणे बोलायचात. आपण हरत असलो की तुम्ही हाका मारायचात, शैला, जरा बाहेर ये. ती आतून म्हणायची, पायगुण असा बोलावून येत नाही, थालीपीठ करपेल. तुम्ही मला म्हणायचात, हट्टी आहे, पण गुणाची आहे.

आणि तुमची तक्रार असायची मिक्सरची. नेमकं महत्त्वाच्या वेळी आत मिक्सर सुरू व्हायचा. तुम्ही ओरडायचात, तरी तो चालूच राहायचा, आणि बघतो तर आपल्यावर गोल. मिक्सर अपशकुनी आहे, नवा घेऊ, असंही एकदा ठरलं होतं.

आता नोव्हेंबरबद्दल. टाळून चालणार नाही.

त्या शनिवारी बगळे तळाच्या संघाशी शून्य-शून्य खेळले. एकही धड शॉट नाही. शिट्टी वाजली आणि तुम्ही नेहमीप्रमाणे उभे राहून टाळ्या वाजवल्यात. मी म्हणाले, नव्वद मिनिटं फुकट गेली. बरोबरी म्हणजे काहीच न होणं. तुम्ही म्हणालात, एक गुण घरी आला ना? मी म्हणाले, आमच्या घरी दुसरा नंबर आला तरी कुणी जेवणावर बोलत नसे, एका गुणाचं कौतुक मला सांगू नका. तुम्ही बसलात, माझ्याकडे बघितलंत. त्या सोफ्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे बघितलं. "सई, तुला हरायची एवढी भीती वाटते का गं?"

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मला सहन झालं नाही. पुढचे दोन शनिवार मी आले नाही. काम आहे म्हणून कळवलं. तिसऱ्या शनिवारी सकाळी तुमचा मेसेज आला: "चार. थालीपीठ." बाकी एक अक्षर नाही. मी आले, तुम्ही टोपली पुढे केलीत, मी फोन टाकला, विषय संपला. तुमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे तुमच्या त्या नेहमीच्या डॉक्टरांनी, मधल्या त्या पंधरवड्यातच तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं होतं, हे मला जानेवारीत कळलं. मी काम आहे असं खोटं सांगून घरी बसले होते तेव्हा तुम्ही रिपोर्टची वाट बघत होतात. मला माफी मागायची होती. प्रत्येक शनिवारी ठरवून यायचे आणि मॅच सुरू व्हायची. आता इथे मागते. उशिराच आहे, पण मागते.

तुम्ही तरी काय केलंत? फेब्रुवारीपासून उशी पाठीला लावून सोफ्यावर बसायला लागलात, आणि आजाराबद्दल कुणी विचारलं की गुणतक्ता वाचून दाखवायचात. बगळे खाली खाली चालले होते. तुम्ही म्हणायचात, शेवटच्या सामन्यापर्यंत जाणार बघ हे. आणि खरोखर शेवटच्या सामन्यापर्यंत गेलं, फक्त तुम्ही थांबला नाहीत.

क्रिमेटोरियममध्ये आपल्याला पाऊण तास दिला होता. सगळं त्यातच बसवायचं. पुढचे लोक बाहेर थांबलेले. कॅलम माझ्या शेजारी उभा होता, हळूच म्हणाला, इथे इंज्युरी टाइम नसतो, नंदूला आवडलं नसतं. मला हसू आलं. तुमच्या अंत्यविधीत मी हसले, काका. मग रडलेही, पण आधी हसले.

नंतरचे दोन शनिवार मी काकूकडे गेले. पाहुणे होते, विधी होते, तेव्हा मॅचचं नाव कुणी काढलं नाही. मग शेवटचा शनिवार आला. बगळे विरुद्ध पलीकडचे. हिशेब सोपा होता. बगळ्यांना आहे त्या विभागात टिकायला एक गुण हवा. पलीकडच्यांना बढतीच्या फेरीत जायला विजयच हवा. आणि क्लबने आधीच कळवलं होतं की खाली गेलो तर स्ट्रीम परवडणार नाही, परदेशातल्यांनी समजून घ्यावं.

मी समजून घेतलं नाही. मला त्या घरात जायला कारण लागतं. नुसतं, काकू, कशी आहेस, म्हणून मी कुणाच्या दारात उभी राहू शकत नाही. ते मला येत नाही. मॅच असेल तर येतं. बगळे खाली गेले असते तर स्क्रीन बंद, मग माझा शनिवार बंद, आणि हळूहळू काकूचं घर म्हणजे दिवाळीला एकदा जाऊन यायचं घर झालं असतं. तो एक गुण मला तुमच्यासाठी हवा होता असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे मला हवा होता.

पावणेचारला गेले. कॅलम दाराबाहेर सायकलजवळ उभा होता, पलीकडच्यांचा किरमिजी मफलर हातात गुंडाळून. गळ्यात घालू की नको, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, न घालता आलास तर काका ओळखणार नाहीत. काकूने दार उघडलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि टोपली आणून पुढे केली. आम्ही फोन टाकले. ती आत गेली. कानात बोंडूक होतंच. तुमच्या जागेवर उशी तशीच होती. आम्ही दोघं दोन टोकांना बसलो.

पहिली वीस मिनिटं काही नाही. मग आत मिक्सर सुरू झाला. मला तुमच्यासारखंच वैतागायला झालं. चालला बराच वेळ. आणि पलीकडच्यांच्या डाव्या बाजूच्या पोराने एक क्रॉस टाकला, आपला गोलकीपर पुढे आला, थांबला, मागे गेला, आणि शून्य-एक. कॅलम उठणार होता, पण अर्धवट उठून परत बसला. मी त्याला म्हणाले, ओरड, परवानगी आहे. तो म्हणाला, या खोलीत नाही जमत.

मध्यंतराच्या जरा आधी काकू दारात आली. हातात रिकामी बशी. मी म्हणणार होते, काय हवं, तेवढ्यात आपल्याला कॉर्नर मिळाला आणि आपल्या त्या बुटक्या कप्तानाने, देव जाणे कसा, डोक्याने गोल केला. एक-एक. मी ओरडले. मी, काका. सोफ्यावरची उशी उचलून छातीशी धरली होती मी. पायगुण शाबूत आहे, असं मी काकूला म्हणायला वळले, तर ती टीव्हीकडे बघतच नव्हती. ती तुमच्या जागेकडे बघत होती. मग आत गेली.

मध्यंतरात पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेले. तव्यावर थालीपीठ होतं. मिक्सरचं भांडं पालथं घातलेलं, धुतलेलं, पूर्ण कोरडं. मी पाणी पिऊन परत आले. पण ते भांडं डोक्यात राहिलं.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. दोन सिग्नल येतात, त्यांतला आधी कुठला आला ते शोधायचं. तुम्हीच शिकवलंत की आधी येतं ते कारण असेलच असं नाही, पण ते आधी का आलं ते विचार. उत्तरार्धात मिक्सर पुन्हा वाजला तेव्हा चेंडू आपल्या गोलकीपरच्या हातात होता. धोका कुठेच नव्हता. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघायला लागले. गोलकीपरने चेंडू लांब मारला, तो पलीकडच्यांनी अडवला, एक पास, दुसरा पास, आणि आपल्या बचावातल्या माणसाचा पाय घसरला. एक-दोन. काटा चाळीस सेकंद पुढे गेला होता.

कॅलम म्हणाला, अरे देवा, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचाच संघ पुढे होता आणि तो अरे देवा म्हणत होता. मी मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. एका क्षणात नऊ वर्षं, म्हणजे मला माहीत असलेली तीन आणि तुम्ही सांगितलेली सहा, सगळी उलगडली. क्लबचा एक इंटरनेट रेडिओ आहे. गावातले दोन म्हातारे मैदानाच्या कोपऱ्यात बसून समालोचन करतात. तो चित्राच्या पुढे असतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. सांगलीच्या मावशीचा काही संबंध नव्हता.

तुम्ही अख्ख्या जगाचे फोन टोपलीत टाकलेत, काका, आणि एक राहिला.

मग मी मॅच बघितलीच नाही. खरं सांगते. शेवटची वीस मिनिटं मी कान आत लावून बसले होते. तव्यावरचं तेल चुरचुरत होतं, तोवर काही होणार नाही हे मला माहीत होतं. बगळ्यांचा बदली खेळाडू मोकळा सुटला, कॅलमने श्वास रोखला, मी शांत. तव्याचा आवाज चालू आहे, म्हणजे हुकणार. हुकला. नव्वद मिनिटं झाली. पाच मिनिटं वाढीव मिळाली. पडद्यावर बगळ्यांचे लोक कठड्याला पोट टेकवून वाकले होते. एक आजोबा पाठ करून उभे होते, त्यांना बघवत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघून वाटलं, आजोबा, तुम्हाला तर चाळीस सेकंद आधीच कळतं, तरी तुम्ही बघत नाही.

तव्याचा आवाज थांबला.

मी मिक्सरची वाट बघितली. मिक्सर वाजला तर संपलं. एक सेकंद, दोन सेकंद. नंतर चपलांचा आवाज आला. काकू दारात येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं. बशीसुद्धा आणायचं तिला सुचलं नव्हतं.

पडद्यावर तेव्हा थ्रो-इन चालला होता. एवढंच. एक माणूस चेंडू पुसत होता. आणि त्या खोलीत दोन बायकांना माहीत होतं की आता गोल होणार आहे, आणि त्यांच्यामध्ये एक लाल दाढीवाला माणूस बसला होता ज्याचा वर्षभराचा आनंद चाळीस सेकंदांत संपणार होता. काकूने सवयीने तुमच्या जागेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला कळलंय, हे तिला कळलं. आणि मी, जिला कुणी बघितलेलं आवडत नाही, मी तोंड वळवलं नाही. म्हटलं, बघ. जे दिसेल ते बघ. मी टीव्हीकडे चेहरा केला आणि तिला बघू दिलं.

चेंडू आत फेकला. कुणाच्या तरी डोक्याला लागला, कुणाच्या तरी गुडघ्याला, खांबाला, आणि शेवटी जो बदली खेळाडू मघाशी चुकला होता त्याच्या नडगीवरून घरंगळत रेषेपार. मला आधीपासून माहीत होतं, आणि तरीही मी सोफ्यावर उभी राहिले. घरातल्या चपलांसकट, काका. तुमच्या सोफ्यावर. काहीतरी ओरडले, ते मराठी होतं एवढं नक्की. कॅलमचा चहा तेव्हाच सांडला.

उरलेली दोन मिनिटं काकू दारातून हलली नाही. पलीकडच्यांना कॉर्नर मिळाला, त्यांचा गोलकीपरसुद्धा पुढे धावला. मी तिच्याकडे बघितलं. तिने कानातलं बोंडूक काढलं आणि मुठीत धरलं. आता तिलाही काही माहीत नव्हतं. आम्ही तिघं एकाच वेळेत होतो. कॉर्नर आला, कुणीतरी चेंडू उडवला, शिट्टी.

तुम्ही ते लोक बघायला हवे होते. बगळ्यांचे लोक कठडा ओलांडून मैदानात आले, पण धावले नाहीत. वयं बघता धावणार तरी किती! चालत आले, एकमेकांचे हात हातात घेत, आणि पाठ करून उभे असलेले आजोबा शेवटी वळले आणि शेजारच्या बाईला विचारायला लागले की कुणी मारला. पलीकडच्यांच्या बाजूला एक माणूस खूप नीट, काठाला काठ जुळवून झेंड्याची घडी घालत होता. घाईत नव्हता. मग दोन्ही बाजूंनी टाळ्या सुरू झाल्या. दोन्ही बाजूंनी. कॅलम उठला, ओली पँट, गळ्यात मफलर, आणि उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मीही वाजवल्या. वाद मिटला असं समजू नका. बरोबरी म्हणजे विजय नाही, हे माझं मत कायम आहे. पण बरोबरी म्हणजे काहीच न होणं, हे नोव्हेंबरातलं वाक्य मी परत घेते.

टोपलीतले फोन थरथरत होते. ग्रुपवर न्यूझीलंडच्या एका बाईंनी लिहिलं होतं की तिकडे पहाट आहे, नवरा झोपलाय आणि मी बाथरूममध्ये नाचतेय. कॅनडाच्या एका गृहस्थांनी नुसतं लिहिलं होतं, ‘आज हरलो नाही.’ तीन वर्षांत मी त्या ग्रुपवर एकदाही काही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, ‘नंदूच्या घरी सगळे उभे आहोत.’ तेवढ्यावरही खूप उत्तरं आली.

कॅलम गेल्यावर काकू तुमच्या जागेशेजारी बसली. मी विचारलं, मावशी? ती म्हणाली, मावशी त्या वेळी तिची मालिका बघते, फोन उचलते कुठे. मग तिने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी तुम्हाला कामावर जावं लागलं होतं आणि तुम्ही तिला रेडिओ ऐकून स्कोअर कळवायला सांगितलं होतंत. पुढच्या शनिवारी तिने सहज लावला, बाहेर येऊन सांगणार होती की गोल झाला, तर तुम्हाला अजून कळलंच नव्हतं. ती दारात थांबली आणि तुमचा चेहरा बघितला. "लग्नात हार घातला तेव्हासुद्धा ह्यांचं तोंड असं नव्हतं झालं," ती म्हणाली. त्यानंतर एकही चुकवला नाही. मिक्सर कशाला, तर तुमचं ते ‘अरेरे’ तिला ऐकवत नसे. तेवढा वेळ रिकामा मिक्सर चालवायचा.

मी म्हणाले, काकांना सांगायचं होतंस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर ते माझ्याकडेच बघत बसले असते, टीव्हीकडे नाही. मग म्हणाली, हॉस्पिटलात सांगणार होते एकदा. पण म्हटलं, पायगुण म्हणतात, म्हणू देत.

निघताना मी बूट घालत होते. काकूने विचारलं, शनिवारी येशील ना? मी म्हणाले, सीझन संपला, आता ऑगस्टपर्यंत मॅच नाही. मला वाटलं तिला माहीत नसेल. ती म्हणाली, "मॅच नाही ते कळतंय मला. चार वाजता ये."

मी आज आले, काका. कारणाशिवाय. दारात मला काय बोलावं सुचलं नाही, आणि तिने काही विचारलं नाही. तुमचा लॅपटॉप तिने टेबलावर आधीच काढून ठेवला होता. म्हणाली, मला गोल दाखव. मी विचारलं, कुठला? म्हणाली, कुठलाही, मी एकही बघितलेला नाही.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. नऊ वर्षं ती प्रत्येक गोलाला दारात होती, आणि प्रत्येक वेळी तिचं तोंड तुमच्याकडे होतं.

मी गेल्या शनिवारचा शेवटचा लावला. थ्रो-इन, डोकं, गुडघा, खांब, नडगी. ती चष्मा लावून, पुढे वाकून, तांदूळ निवडताना बघते तसं बघत होती. चेंडू घरंगळत रेषेपार गेला. मी थांबवलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं, मी पुन्हा लावला. मग ती खुर्चीत मागे टेकली.

"एवढाच असतो होय," ती म्हणाली. "ह्यांच्या तोंडावर केवढा दिसायचा."